नाताळच्या सुट्टीतलं पुणं : उन्हाच्या हिशेबाने आखलेले पाच दिवस

दर नाताळात माझ्या घरी भाचरं येतात. कधी तीन असतात, कधी शेजारची मिळून सात होतात. पिशव्या खाली ठेवायच्या आतच पहिला प्रश्न येतो, "मावशी, या वेळी कुठे कुठे जायचं?" सुरुवातीच्या वर्षांत मी ठिकाणांची लांबलचक यादी करायचे. सकाळी कात्रज, दुपारी नगर रस्ता, संध्याकाळी तुळशीबाग असं एकाच दिवसात कोंबायचे. अर्धा दिवस सिग्नलला जायचा आणि मुलं रिक्षातच झोपायची. पुढे हळूहळू कळलं की पुण्यात डिसेंबरचा दिवस ठिकाणांच्या यादीवर आखायचा नसतो, उन्हावर आखायचा असतो.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो आणि सहा वाजून गेले की मावळतो. हातात जेमतेम अकरा तास उजेड असतो. पहाटे पारा दहाच्या आसपास, कधी त्याखालीही जातो आणि दुपारी अठ्ठावीस-एकोणतीसवर चढतो. सकाळी सातला टेकडीवर कुडकुडणारं पोर दुपारी एकला शनिवारवाड्याच्या हिरवळीवर घामाघूम होतं. म्हणून माझा हिशेब साधा आहे. उजाडल्यापासून साडेदहापर्यंत टेकडी, गड किंवा नदी. अकरा-साडेअकरा ते चार छपराखाली, म्हणजे वाडा, संग्रहालय, जेवण आणि लहानांची झोप. चार ते साडेसहा बाग किंवा बाजार. रात्री नाटक, नाहीतर घर. एका दिवशी शहराची एकच बाजू धरायची. बाहेरगावाहून येणाऱ्यांना आणि पुण्यातच राहून "आता मुलांना कुठे न्यायचं" या विचारात पडलेल्या आई-बाबांनाही हाच हिशेब उपयोगी पडेल.

आधी कॅलेंडर

भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि निघण्याआधी त्यावर फुल्या मारा. कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं. बरीच सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात आणि काही 25 डिसेंबरला. ज्या ठिकाणासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं असेल, तिथे आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या. एका वर्षी पाच मुलांना घेऊन मी बंद फाटकासमोर उभी राहिले होते. धाकटीने विचारलं, "मावशी, मग आता वाघ कुठे भेटेल?" त्यानंतर फोन केल्याशिवाय मी घराबाहेर पडलेले नाही.

सिंहगडाच्या रकान्यात शनिवार-रविवारी फुली. गडावर गाड्या लावायची जागा भरली की खालीच गाड्या अडवतात आणि घाटात तास तास जातो. 24 च्या संध्याकाळी आणि 25 ला कॅम्पात पाय ठेवायला जागा नसते. ती गर्दीच बघायची असेल तर जरूर जा, पण खरेदी करायची असेल तर दोन दिवस आधी उरकून घ्या. 1 जानेवारीला पेरणे फाट्याजवळच्या जयस्तंभाला अभिवादन करायला लाखो लोक येतात, नगर रस्त्यावरची वाहतूक वळवलेली असते. त्या दिवशी तिकडचं दुसरं काम ठेवू नका.

लवकर सुट्टी मिळत असेल आणि गाण्याची आवड असेल तर डिसेंबरच्या मध्यालाच या. पंडित भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ 1953 साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव त्याच सुमाराला असतो. शाल पांघरून, शेजारच्या अनोळखी माणसाशी डब्यातली पोळी वाटून घेत ऐकलेलं गाणं लहानांच्याही कानात राहतं. मुलांना सगळे दिवस बसवू नका, एक संध्याकाळ पुरे.

वाहन आणि पिशवी

पेठांमध्ये स्वतःची चारचाकी आणू नका, हे मी कळकळीने सांगते. गाडी लावायला जागा शोधण्यात सकाळचं कोवळं ऊन संपतं. आता मेट्रो थेट पेठांच्या पोटातून जाते. पिंपरी-चिंचवडहून स्वारगेटला जाणाऱ्या मार्गावर कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट अशी लागोपाठ स्थानकं आहेत. वनाजहून रामवाडीकडे जाणारा दुसरा मार्ग डेक्कन, पुणे स्टेशन, येरवडा, कल्याणीनगर असा जातो. दोन्ही मार्ग जिल्हा न्यायालयाच्या स्थानकात भेटतात, तिथे गाडी बदलायची. खेड्यातून आलेल्या मुलांना जमिनीखालच्या स्थानकातले लांबच लांब सरकते जिने हेच एक प्रेक्षणीय स्थळ वाटतं. त्यासाठी पाच-दहा मिनिटं जास्तीची धरा.

पिशवीत काय घ्यायचं? डोक्यातून घालायचा नाही, पुढून उघडणारा स्वेटर. दहा वाजता काढायचा आणि सहाला चढवायचा असतो, तेव्हा बटणांचाच बरा. कानटोपी, आणि दुपारसाठी साधी टोपी. हवा कोरडी असते, ओठ फुटतात, टाचा भेगाळतात, म्हणून व्हॅसलिनची डबी. थंडीत तहान लागत नाही म्हणून मुलं पाणी पीत नाहीत आणि दुपारी डोकं दुखतं, त्यामुळे दर तासाला आठवणीने पाणी. शिवाय एक रिकामी कापडी पिशवी. ती कशाला, ते मंडईत कळेल.

पहिला दिवस : पेठा, पायी

सकाळी आठ-साडेआठला कसबा पेठ स्थानकावर उतरा. आधी कसबा गणपती, पुण्याचं ग्रामदैवत. सकाळी इथे शांत असतं. तिथून लाल महाल दोन मिनिटांवर. आत्ताची वास्तू गेल्या शतकातली, पण जागा तीच. 5 एप्रिल 1663 च्या रात्री शिवाजी महाराजांनी शाइस्तेखानाला गाठलं ते इथे. मुलांना गोष्ट आत शिरण्यापूर्वी सांगा. आत गेल्यावर ती खिडकीच शोधत बसतात.

समोर शनिवारवाडा. पहिल्या बाजीरावांनी 10 जानेवारी 1730 ला पायाभरणी केली आणि 1732 साली वास्तुशांत झाली. 1828 च्या आगीत आतला लाकडी वाडा जळून गेला, त्यामुळे आत गेल्यावर फक्त जोती दिसतात आणि मुलं हिरमुसतात. त्यावर उपाय आहे. दिल्ली दरवाज्यापाशीच थांबा आणि दाराला हात लावू द्या. हत्तींनी धडक देऊ नये म्हणून बसवलेले ते अणकुचीदार खिळे जवळून बघितले की प्रश्नांची रांग लागते. खिळे किती उंचीवर आहेत? हत्तीचं कपाळ कुठे येईल? आत हजारी कारंज्याचं कमळ शोधायला लावा. शेवटी तटावर चढा. तटावरून चालताना आतली जोती नकाशासारखी दिसतात आणि वाडा केवढा असेल ते मनात उभं राहतं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना इथे तिकीट नाही.

तिथून बाजीराव रस्त्याने सरळ दक्षिणेला चालत राहा, सगळं एकाच रेषेत आहे. आधी अप्पा बळवंत चौक, पुस्तकांच्या दुकानांचा. सुट्टीत प्रत्येक मुलाला एक पुस्तक त्याने स्वतः निवडायचं, अशी आमच्या घरची रीत आहे. पुढे विश्रामबागवाडा. तिथे बाहेरूनच मान वर करून लाकडी सज्जा आणि नक्षीचे खांब बघा, तेवढंही पुरतं.

मग मंडई. इथे घाई करू नका, हिवाळा खरा दिसतो तो इथेच. ही अष्टकोनी दगडी इमारत 1886 सालची. आधी ती गव्हर्नर लॉर्ड रे याच्या नावाने ओळखली जायची, आता महात्मा फुले मंडई. आत आणि भोवती या दिवसांत मातीसकट उपटलेल्या हरभऱ्याच्या जुड्या असतात, गोड मटार, लालबुंद गाजरं, पावटा, ओली हळद, आवळे, बोरं, पेरू आणि महाबळेश्वरकडच्या स्ट्रॉबेरीच्या पेट्या. भाचरांच्या हातात मी थोडे थोडे पैसे देते आणि सांगते, घरी ज्याचं नाव माहीत नाही असं काहीतरी विकत आणा आणि भाजीवाल्या मावशींना ते कसं करतात तेही विचारून या. एकदा मधला मुलगा ओली हळद घेऊन आला. सोलताना बोटं पिवळी झाली ती दोन दिवस तशीच होती. मावशींनी सांगितल्याप्रमाणे आम्ही तिचं लिंबू पिळून लोणचं केलं. कापडी पिशवी इथे भरते. हरभऱ्याची जुडी जरूर घ्या. चालता चालता घाटे सोलून खायला मुलांना काही शिकवावं लागत नाही, बोटांना लागणारी आंबट खार मात्र डोळ्याला लागू देऊ नका.

जेवून दुपारी राजा दिनकर केळकर संग्रहालयात. एकच संग्रहालय बघायला वेळ असेल तर मी हेच सांगेन. दिनकर केळकर चष्म्यांचे व्यापारी आणि कवी होते. मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या स्मरणार्थ त्यांनी गावोगाव फिरून वस्तू जमवल्या आणि 1975 साली तो सगळा संग्रह राज्य सरकारला दिला. वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत, आणि त्यात राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा घरातल्या वस्तू जास्त बोलतात. अडकित्ते, दिवे, पानाचे डबे, फण्या, दौती, वाद्यं, कोरीव दारं. पाय घासायच्या वज्रीसुद्धा किती तऱ्हांच्या! काचेजवळ नाक लावून बघितलं तर घासताना आवाज व्हावा म्हणून बसवलेले छोटे घुंगरूही दिसतात. रोज टाचेला लावायची वस्तू, पण करणाऱ्याने तिच्यावरही मोर बसवला. कोथरूडहून आणून उभा केलेला मस्तानी महालही इथेच आहे.

मुलांबरोबर संग्रहालय बघायची माझी पद्धत अशी. सगळं बघायचं नाही. प्रत्येकाला कागद-पेन्सिल द्यायची आणि एक वस्तू काढून आणायला सांगायची. चित्र काढायला बसलं की मूल वीस मिनिटं एकाच वस्तूकडे बघतं. दीड तासात बाहेर पडा. संध्याकाळी तुळशीबाग. बांगड्या, भातुकली, पितळी देव, पेशवेकालीन राममंदिर. पाय दुखायला लागले की मंडई स्थानक जवळच आहे.

दुसरा दिवस : सिंहगड

हा दिवस सोमवार ते शुक्रवारमध्येच बसवा. स्वारगेटहून पीएमपीएमएलच्या बस पहाटेपासून पायथ्याच्या आतकरवाडीपर्यंत जातात. सातच्या सुमारास पायथा सोडला तर मुलांसह दीड-पावणेदोन तासांत वर पोहोचता. वाट मळलेली आहे, चुकायची भीती नाही. पण चढ सलग आहे, म्हणून लहान मूल पुढे ठेवा आणि त्याच्या चालीने चाला. वाटेत लिंबू सरबत, ताक मिळतं. ज्यांना चढवत नाही त्यांनी गोळेवाडीच्या बाजूने गाडीने यावं आणि वर पुणे दरवाज्यापाशी भेटावं. आमच्या घरी आजी-आजोबा असेच येतात.

वर गेल्यावर बहुतेक लोक भजी खाऊन परततात. गड त्याच्या पुढे आहे. पुणे दरवाज्याचे एकामागे एक तीन दरवाजे मोजा. टिळकांचा बंगला, राजाराम महाराजांची समाधी, मग देवटाकं. त्याचं पाणी या दिवसांत इतकं गार असतं की ओंजळीत धरवत नाही. पुढे तानाजी मालुसऱ्यांचं स्मारक आणि कल्याण दरवाजा. शेवटी पश्चिमेचा कडा. 4 फेब्रुवारी 1670 ची रात्र, म्हणजे थंडीचेच दिवस. त्या कड्यावर काठापासून दूर बसून तानाजींची, सूर्याजींची आणि शेलारमामांची गोष्ट सांगा. आधी मुलांना खाली बघू द्या, मग बोला. मी एकदा उलटं केलं, गोष्ट खालीच सांगून टाकली, आणि वर आल्यावर सांगायला काही उरलं नाही. झुंजार बुरुजावरून स्वच्छ हवेत राजगड-तोरणा दिसतात. सकाळी धुकं असेल तर दहापर्यंत थांबा, ऊन चढलं की डोंगर एकेक करून पुढे येतात.

मग पिठलं-भाकरी, ठेचा, मडक्यातलं दही. दही टोपलीत घेऊन बसलेल्या बायकांकडून घ्या. त्या आसपासच्या वाड्यांतून ते डोक्यावर चढवून आणतात. प्लॅस्टिक वर नेऊ नका, नेलंत तर परत आणा. गडावर रात्री थांबता येत नाही, तेव्हा 31 डिसेंबरचा तसला बेत करू नका. उतरताना खडकवासल्याच्या काठी कणीस खाऊन चारपर्यंत घरी. त्या संध्याकाळी दुसरं काहीही ठेवू नये, मुलांच्या पोटऱ्या भरून आलेल्या असतात. खोबरेल तेल कोमट करून पायांना चोळा.

तिसरा दिवस : शहराची पूर्वेची बाजू

पहाटे सहाला निघायचं आहे, त्यामुळे आदल्या रात्रीच थर्मासमध्ये चहा-दुधाची सोय करा. सोलापूर रस्त्याने हडपसर मागे टाकून लोणी काळभोरच्या अलीकडे, पुण्यापासून साधारण वीस किलोमीटरवर कवडीपाट आहे. डावीकडे वळून गावातून मुळा-मुठेच्या काठी जायचं. इथे एक जुना दगडी बंधारा आहे आणि हिवाळ्यात दूरदूरचे पक्षी येतात. केशरी अंगाचे चक्रवाक जोडीजोडीने दिसतात, ते हिमालयापलीकडून येतात. लाल काडीसारख्या पायांचे शेकाट्या, शेपटी सतत खालीवर हलवणारे धोबी, पसरट चोचीचे थापट्या, आणि चित्रबलाक. सात ते नऊ हीच वेळ. दुर्बीण एक असली तरी चालते, पाळी लावा. भडक कपडे नकोत, मोठ्याने बोलणं नको, आणि पक्ष्यांना शेव-फरसाण तर अजिबात टाकू नका.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. नदी घाण आहे. शहराचं सांडपाणी आणि प्लॅस्टिक वाहत इथपर्यंत येतं, वास येतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, हे मुलांना दाखवायचं कसं? पण भाची म्हणाली, "एवढ्या लांबून येतात आणि आपण त्यांना असं पाणी देतो?" त्या वर्षीपासून आमच्या घरी प्लॅस्टिकच्या पिशव्या येत नाहीत. तेव्हा नाक मुठीत धरूनही जा. स्वच्छ पाण्यावर रोहित पक्ष्यांचे थवे बघायचे असतील तर याच रस्त्याने पुढे, पुण्यापासून शंभरेक किलोमीटरवर उजनीच्या फुगवट्याला भिगवण आहे. तिथले मच्छीमार नावेतून नेतात, पण त्याला अख्खा दिवस द्यावा लागतो.

कवडीपाटहून मुंढवा-खराडीकडून नगर रस्त्यावर या आणि दुपार आगाखान पॅलेसमध्ये घालवा. इमारत 1892 ची. 1942 च्या ऑगस्टमध्ये गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांना इथे स्थानबद्ध केलं. महादेवभाई आठवड्याभरातच 15 ऑगस्टला गेले, कस्तुरबा 22 फेब्रुवारी 1944 ला. दोघांच्या समाध्या मागच्या बाजूला आहेत. इथे मुलांना फार माहिती सांगू नका. त्या खोल्या दाखवा, मग समाधीपाशी झाडाखाली थोडा वेळ बसा.

परतताना चारनंतर कॅम्प.

नाताळ कुठे भेटतो

महात्मा गांधी रस्त्यावरची रोषणाई सगळ्यांना ठाऊक असते. ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानी बेकरीसमोर या दिवसांत रांग असते. 1955 पासूनच्या या दुकानातला मावा केक आणि श्रुसबेरी बिस्किटं घ्यायची तर दुपारची सुट्टी आणि रविवार टाळून जा. जवळच 1825 चं सेंट मेरीज चर्च आहे, आणि लाल विटांचं उंच मनोऱ्याचं ज्यूंचं प्रार्थनास्थळ, ज्याला सगळं पुणं लाल देऊळ म्हणतं. डेव्हिड ससून यांनी बांधवून घेतलेलं ते देऊळ बाहेरून बघता येतं.

पण मला मुलांना न्यायला आवडतं ते गुरुवार पेठेतल्या पवित्र नाम देवालयात, म्हणजे पंचहौद मिशनच्या चर्चमध्ये. पेठेच्या गल्लीतून वळलं की तो उंच घंटा-मनोरा एकदम समोर येतो. वर आठ घंटा आहेत. उपासना मराठीत असते, गीतं मराठीत असतात. ज्याने नाताळ फक्त दूरदर्शनवर पाहिला आहे त्याला आपल्या भाषेतला नाताळ इथे ऐकू येतो. याच मिशनमध्ये 1890 साली टिळक, न्यायमूर्ती रानडे आणि इतर काही मंडळी एका कार्यक्रमाला गेली, तिथे चहा-बिस्किटं दिली गेली, गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि ग्रामण्याचं, म्हणजे जातीबाहेर टाकण्याच्या वादाचं, केवढं तरी वादळ उठलं. एका कप चहाची ती गोष्ट मुलांना फार आवडते.

जाताना एवढं पाळा : उपासना चालू असताना मागच्या बाकावर बसा, मोबाइल खिशात ठेवा, वेदीकडे जाऊ नका. ओळखीचं ख्रिस्ती घर असेल तर 25 ला दुपारनंतर भेटायला जरूर जा. करंज्या, शंकरपाळे, केक यांचं ताट पुढे येईल. रिकाम्या हाताने जाऊ नका, मंडईतले पेरू न्या.

चौथा दिवस : पर्वती आणि सारसबाग

हा दिवस हलका आहे. पावणेसातला पर्वतीच्या पायथ्याशी पोहोचा. 103 पायऱ्या आहेत, मुलं मोजत मोजत चढतात आणि आकडा दर वेळी वेगळा येतो. वर नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं देवदेवेश्वर मंदिर आहे. पानिपतच्या धक्क्याने खचलेल्या नानासाहेबांनी 1761 साली देह ठेवला तो पर्वतीवरच. पूर्वेकडच्या कठड्याशी उभे राहा. खाली शहरावर धुक्याची पांढरी चादर असते, त्यातून फक्त इमारतींची टोकं वर आलेली, आणि सातनंतर त्या चादरीच्या पलीकडून तांबडा गोळा वर येतो.

उतरून सारसबागेत तळ्यातल्या गणपतीला. थंडीत या गणपतीला लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी घालतात. आमच्या धाकटीने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती बराच वेळ काहीच बोलली नाही. मग स्वतःची टोपी, जी ती सकाळपासून काढून टाकत होती, तिने गुपचूप कानावर ओढली. शेजारी पेशवे उद्यान. तिथली फुलराणी ही छोटी आगगाडी 1956 पासूनची, चालू असेल तर एक फेरी घ्याच. गाड्यांचं वेड असलेलं मूल असेल तर दुपारी कोथरूडमधलं जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय गाठा.

याच दिवशी रात्री किंवा संध्याकाळी बालनाट्य ठेवा. नाताळच्या सुट्टीत बालगंधर्व रंगमंदिर, भरत नाट्य मंदिर, कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह इथे मुलांचे प्रयोग लागतात. वर्तमानपत्रातली नाटकांच्या जाहिरातींची जागा रोज बघा आणि पुढच्या रांगांची तिकिटं दोन-तीन दिवस आधी काढा. मागे बसलेल्या मुलाला नाटक दिसत नाही, त्याला पुढच्याचं डोकं दिसतं.

प्राणिसंग्रहालयाला जायचं असेल तर याऐवजी अर्धा दिवस कात्रजला द्या. तिथे मात्र माझा पहाटेचा नियम लागू नाही. हिवाळ्यात मगरी आणि साप ऊन चढल्यावर शेकायला बाहेर येतात, म्हणून अकराच्या सुमारास जा. 130 एकरांचा परिसर आहे, म्हाताऱ्यांसाठी बॅटरीवरच्या गाडीची चौकशी करा.

पाचवा दिवस : हुरडा

शहराबाहेर पडायचा हा दिवस. नगर आणि सोलापूर रस्त्यांच्या बाजूला अनेक शेतांवर डिसेंबरच्या मध्यापासून हुरडा सुरू होतो. आधी फोन करून तीन गोष्टी विचारा. हुरडा त्यांच्याच शेतातला आहे का? सुरती, गूळभेंडी अशा खास हुरड्याच्या ज्वारीचा आहे का? आगटीवर समोर भाजून देतात का? मोठ्या आवाजात गाणी लावणारी जागा मी टाळते. सकाळी नऊपर्यंत पोहोचा. उन्हं तापल्यावर आगटीजवळ बसवत नाही.

जमिनीतल्या खड्ड्यात गोवऱ्यांची आर असते. कणसं तिच्यात खुपसून फिरवतात, कूस जळल्याचा वास सुटला की बाहेर. मग तळहातांत धरून चोळायचं. चटका बसतो, पण थांबायचं नाही. फुंकर मारली की कोंडा उडतो आणि हातात हिरवे, वाफाळते, दुधाळ दाणे राहतात. लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, वर उसाचा रस नाहीतर बोरं. मुलांना चोळायला शिकवणाऱ्या शेतकरीदादांच्या हाताकडे बघायला सांगा, तो तळवा वर्षानुवर्षांच्या कामाने घट्ट झालेला असतो. हुरडा पोटभर खाल्ल्यावर लगेच घटाघटा पाणी पिऊ नका, पोट जड होतं. जेवणाचा आग्रह झाला तरी अर्धीच भाकरी घ्या. ज्वारीच्या शेतावर भोरड्यांचे थवे उतरतात तेही बघा, हुरड्याचे ते आपल्याइतकेच हक्कदार.

वर्ष बदलताना

31 ला संध्याकाळी डेक्कन, फर्ग्युसन रस्ता आणि कॅम्पात वाहनांवर बंधनं येतात आणि गर्दी तरुणांची असते. मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर सातच्या आत घरी या. 1 तारखेला दगडूशेठ गणपतीला लांबच लांब रांग लागते. दर्शन हवंच असेल तर पहाटे जा. शाळा उघडायला वेळ असेल तर 3 जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, गंज पेठेतल्या फुले वाड्यात या. 1868 साली जोतीरावांनी अस्पृश्यांसाठी खुला केलेला पाण्याचा हौद तिथे आहे. त्या दिवशी गावोगावच्या बायका लेकींना घेऊन येतात आणि एकमेकींना शाळेत कितवीत आहेस ते विचारतात.

परतीच्या दिवशी मी मुलांना कुठेही नेत नाही. हा धुंधुरमास असतो. सूर्य उगवायच्या वेळी गरम जेवायची आपली जुनी रीत आहे. आदल्या रात्री वांगी भाजून ठेवते. पहाटे पाचला मुगाची खिचडी चढवायची, तीळ लावून बाजरीच्या भाकऱ्या थापायच्या, भरताला फोडणी द्यायची, लोणी काढायचं. सातला सगळ्यांना गोधडीसकट गच्चीवर बोलवायचं. पूर्वेकडच्या इमारतीआडून ऊन आधी पाण्याच्या टाकीवर पडतं, मग कठड्यावर, मग ताटांवर. "मावशी, अजून लोणी," असं म्हणेपर्यंत ते मुलांच्या गुडघ्यांपर्यंत आलेलं असतं. साताऱ्याची गाडी साडेनऊची असते, वेळ भरपूर असतो.